चिंध्या मोजणारा खांब

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खांब आहे. खरे सांगायचे तर आता खांबाचा उरलेला तुकडा आहे, पण मनाने अजून खांबच. आणि एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी भित्रा आहे.

हसलात ना? हसा. खांब म्हटले की ताठ, ठाम, कशाला न डगमगणारा असे काहीतरी तुमच्या डोळ्यांसमोर येते. घरातल्या कर्त्या माणसाला लोक "घराचा खांब" म्हणतात. पण खांबाला भीती वाटत नाही असे तुम्हाला कोणी सांगितले? आम्हाला पळता येत नाही, एवढेच. पळता येत नाही म्हणून उभे राहतो, आणि लोक त्याला धीर म्हणतात.

भीतीची सवय मला लहानपणापासूनची. तेव्हा मी टेकडीच्या उतारावरचे एक सरळसोट झाड होतो. खाली अर्धगोल उपसागर दिसायचा. भरतीला तो निळा आणि भरलेला असायचा. ओहोटीला मात्र पाणी इतके लांब जायचे की ओल्या वाळूचे मैदानच उघडे पडायचे. मला ते बघूनच धडकी भरे. एवढे पाणी जाते कुठे? आणि गेलेले पाणी परत येताना कोणाला विचारून येते?

एक दिवस लाकूडतोडे आले. त्यांच्यातला एकजण माझ्या बुंध्यावर थाप मारून म्हणाला, "हा चांगला आहे. सरळ आहे." आयुष्यात झालेले ते माझे पहिले कौतुक, आणि त्याच कौतुकाने माझा घात केला. मला तोडले, सोलले, गरम डांबरात बुडवले आणि ओहोटीच्या वेळी त्या उघड्या वाळूत नेऊन रोवले. तेही शेंडा खाली आणि बुंधा वर! निमुळती बाजू वाळूत नीट शिरते म्हणे. तेव्हापासून मी डोक्यावरच उभा होतो. माझे विचार थोडे उलटे वाटले तर सांभाळून घ्या.

आता माझे काम सांगतो, कारण पुढची सगळी भीती त्या कामातून आली.

त्या वाळूत शिंपले मिळतात. गावातल्या नऊ बायका ओहोटीबरोबर पाट्या आणि दाताळी घेऊन यायच्या. दाताळे म्हणजे लांब दांड्याचे, लोखंडी दात असलेले अवजार. त्याने वाळू ओढली की शिंपले वर येतात. काम कंबर मोडणारे होते, पण दिसायला सोपे. त्यातला धोका मात्र दिसत नसे. किनारा आणि मी यांच्यामध्ये वाळूचा एक खोलगट पट्टा होता. भरतीचे पाणी कडेने वळसा घालून आधी त्या पट्ट्यात भरायचे. बायका समोरच्या समुद्राकडे बघत काम करत असायच्या आणि पाणी त्यांच्या पाठीमागे येऊन बसायचे. समोर कोरडे, मागे गळ्याएवढे. मला रोवण्याच्या आदल्या वर्षी दोन बहिणी अशाच अडकल्या होत्या. त्या आल्या नाहीत हे रात्री जेवणाची पाने मांडल्यावर कळले. तोवर फार उशीर झाला होता.

म्हणून मला तिथे उभे केले. माझ्या अंगावर एक लाल पट्टा रंगवला. पाणी पट्ट्याला लागले की मागचा खोलगट भाग कमरेएवढा भरला, आता निघायचेच, असा नियम झाला. आणि माझ्या डोक्याजवळ, म्हणजे आता वर आलेल्या टोकाजवळ, नऊ खिळे ठोकले. कामाला जाताना प्रत्येकीने आपली रंगीत चिंधी आपल्या खिळ्याला बांधायची आणि परतताना आपल्या हाताने सोडून न्यायची. बायका परतताना दोन वाटांनी घरी जात, त्यामुळे किनाऱ्यावर डोकी मोजून कळायचे नाही. किनाऱ्याला होड्यांच्या धक्क्यावर बसणारा म्हातारा होडीवाला दुर्बिणीतून माझे खिळे मोजायचा. चिंधी दिसली की कोणीतरी आत आहे. खांब मोकळा दिसला की सगळ्या आल्या. मग तो होडी वर ओढून चहा प्यायला जायचा.

नऊ चिंध्या म्हणजे नऊ जीव. ते माझ्या डोक्यावर बांधलेले! रोज शेवटची चिंधी सुटेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असे. लोक मात्र म्हणायचे, बघा कसा निवांत उभा आहे.

तसा मी एकटा नव्हतो. पाणकावळा रोज माझ्या डोक्यावर बसून पंख पसरून वाळवायचा. धोबी कपडे वाळत घालतो तसे. खेकडे माझ्या पायथ्याशी बिळे करायचे. पाण्याच्या कडेने तुतवार पक्षी इवल्या पायांनी धावत किडे टिपायचे. लाट पुढे आली की मागे, लाट मागे गेली की पुढे, असे दिवसभर. माझ्या अंगावर धारदार शिंपल्यांची कालवे चिकटली. अंगावर काटा येतो म्हणतात ना, माझ्या अंगावर तो कायमचाच आला होता.

पण काही पाहुणे न विचारता आले. बारीक, मऊ, लाकूड खाणारे किडे. बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे भोक, आत बोटभर रुंद बोगदा. मला त्यांचे खाणे ऐकू यायचे. वर्षामागून वर्षे ते मला आतून खात राहिले आणि दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला माणसे मला बाहेरून रंगवत राहिली. कोरा लाल पट्टा, बाकी अंगभर चकचकीत काळे डांबर. फिरायला येणारे लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. "काय दणकट आहे!" असे कोणी म्हणाले की मला रडावेसे वाटे.

एकदा सुतारकाका खिळे बदलायला आले. त्यांनी सहज माझ्या पोटावर हातोडी टेकवून ठोकले. ढम् असा आवाज आला. त्यांनी पुन्हा ठोकले, कान लावला आणि मान हलवली.

"आतून गेलाय हा. पुढच्या हंगामात बदलू."

पुढचा हंगाम आला. सुतारकाकांच्या घरी लेकीचे लग्न निघाले. त्याच्या पुढचा आला, तेव्हा रंगाचा डबा आधीच आणलेला होता, म्हणून आधी रंगवून घेतले. वाईट कोणाच्या मनात नव्हते. फक्त मी उभा दिसत होतो ना, मग घाई कसली? मला ओरडून सांगावेसे वाटायचे की अहो, मी उभा आहे तो केवळ सवयीने. पण खांबाला तोंड कुठे असते?

आता त्या दिवसाकडे येतो. आठवले की अजून माझ्या लाकडातल्या रेषा थरथरतात.

त्या नऊजणींत दोन सख्ख्या जावा होत्या. थोरली पन्नाशीची, कामाला वाघ, बोलायला फटकळ. धाकटी तिशीची, हसरी आणि वेंधळी. थोरलीची चिंधी पिवळी, धाकटीची निळी. एकाच घरात राहायच्या, एकाच चुलीवर जेवायच्या आणि अकरा दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण असे की थोरलीचे वीस वर्षांचे, हाताला बसलेले दाताळे धाकटीने मागून नेले आणि पार टोकाच्या वाळूत रुतवून हरवले. थोरली तिला एवढेच म्हणाली होती, "वस्तू सांभाळता येत नसतील तर मागू नयेत." मग अबोला. घरात भांडी जोरात आपटली जाऊ लागली. बाकीच्या बायका गालात हसायच्या. "काय गं, आज तरी बोलल्या का?" "छे! दोघींचे निरोप मांजराकरवी चाललेत."

त्या दिवशी ओहोटी मोठी होती. पाणी नेहमीपेक्षा कितीतरी लांब गेले होते. सकाळी चिंधी बांधताना थोरलीचा उजवा खांदा दुखत होता. हात कानाच्या वर जाईना. टाचा उंचावून, ओठ चावून तिने कशीबशी गाठ मारली. धाकटीने ते पाहिले. "मी बांधू का?" हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. पण अबोला होता. ती तशीच पुढे गेली.

दुपार झाली आणि समुद्रावरून धुके आले. आधी दूरची टेकडी गेली, मग धक्का अंधुक झाला. तुतवारांचा थवा एकदम उडाला. पाणकावळा माझ्या डोक्यावरून उठला आणि किनाऱ्याकडे गेला. पाखरांनी सोडून जाणे मला कधीच आवडलेले नाही. पाणी अजून पट्ट्याखाली चार बोटे होते, पण बायका शहाण्या होत्या. एकेक करून आल्या, चिंध्या सोडल्या, निघाल्या. सातव्या नंबरला धाकटी आली. तिने आपली निळी सोडली, मागे वळून पाहिले. धुक्यात पाटी घेतलेली एक आकृती येताना दिसत होती. तिला वाटले जाऊबाईच.

मग तिने पिवळ्या चिंधीकडे पाहिले. दुखरा खांदा तिला आठवला. आणि मित्रांनो, तिने हात वर करून थोरलीची चिंधी सोडली. धक्क्यावर जाऊबाईंच्या हातात नुसती ठेवू, बोलायची गरजच पडणार नाही, असे तिच्या मनात होते. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू होते. माया म्हणून केलेले काम होते ते. माझे मात्र धाबे दणाणले. अगं बाई, ती गाठ तिच्याच हातची! ती सोडू नकोस!

मागून येणारी आकृती थोरलीची नव्हती. ती 'लांबी' होती, त्या नऊजणींतली सगळ्यात उंच बाई. तिने माझ्याकडे पाहिले. खिळ्यांवर फक्त तिची स्वतःची हिरवी चिंधी उरली होती. म्हणजे बाकी सगळ्या गेल्या, असे समजून तिने ती सोडली आणि झपाझपा निघाली. धुके मला झाकायच्या जेमतेम आधी होडीवाल्याने दुर्बीण लावली. खांब मोकळा होता. त्याने दुर्बीण खाली ठेवली.

आता त्या सगळ्या वाळूत थोरली एकटी होती, आणि हे जगात फक्त मला ठाऊक होते.

पाणी लाल पट्ट्याला लागले. मग पट्टा बुडाला. समोर पांढरे, मागे पांढरे. तोंडचे पाणी पळाले म्हणतात, पण माझ्या चारी बाजूंनी ते वाढतच होते. खूप वेळाने पाण्यातून कोणीतरी धडपडत येण्याचा आवाज आला. थोरली होती. गुडघ्यावर पाणी, पाठीला पाटी आणि डाव्या हातात दोन दाताळी. एक उसने आणलेले. दुसरे गंजलेले, दांड्याला शेवाळ धरलेले, तिचे स्वतःचे. मोठ्या ओहोटीने टोकाची वाळू उघडी पडली होती आणि तिला तिथे ते दिसले होते. ते आणायला गेली म्हणून तिला उशीर झाला.

तिने वर पाहिले. नऊच्या नऊ खिळे रिकामे.

"पिवळी गेली?" ती म्हणाली. "म्हणजे मी घरी पोचले म्हणायची!"

ती हसली. मग तिच्या लक्षात आले की आता तिला शोधायला कोणीच येणार नाही, आणि तिचे हसू तिथेच थांबले. किनाऱ्याच्या दिशेने चार पावले टाकून पाहिली. पाणी छातीला लागले तशी ती मागे फिरली. धुक्यात तिने सगळ्यांची नावे घेऊन हाका मारल्या. शेवटी आवाज बसला.

माझ्या मध्यावर होड्या बांधायची एक लोखंडी कडी होती. थोरली त्या कडीवर पाय देऊन चढली. पाटी आणि उसने दाताळे सोडून दिले, आपले दाताळे काखेत धरले आणि पाटीच्या दोरीने स्वतःला माझ्याशी बांधून घेतले. तिचा गाल माझ्या डांबराला टेकला होता. "धर बाबा, एवढा वेळ धरून राहा," ती मला म्हणाली.

मित्रांनो, यापूर्वी मला खूपदा भीती वाटली होती, पण ती सगळी खेळातली होती असे तेव्हा कळले. तिला वाटत होते की ती भरीव खांबाला बांधलेली आहे. मी आतून भुगा होतो. प्रत्येक लाटेबरोबर ती झुलायची आणि माझ्या पायाशी, वाळूच्या अगदी वर, काहीतरी करकर करायचे. मी मोडलो तर ती माझ्याशी बांधलेलीच खाली जाणार होती. तिचे काळीज माझ्यावर धडधडत होते, आणि माझ्यात काळीज नव्हते, नुसती पोकळी होती. मला मरणाची भीती वाटत नव्हती. तिने ज्याच्यावर भरवसा टाकला तो मी होतो, याची भीती वाटत होती.

पाणी तिच्या कमरेला आले. तिने दातओठ खाऊन गंजके दाताळे डाव्या हाताने उचलले आणि त्याचे लोखंड माझ्यावर आपटले.

ढम्!

तीही दचकली. तिने पुन्हा आपटले. ढम्! किड्यांनी वर्षानुवर्षे कोरलेल्या माझ्या पोटातून आवाज घुमत पाण्यावर गेला. प्रत्येक घावाला माझ्या पायाशी एकेक तंतू तुटत होता. थांब, मोडेन मी! असे म्हणावेसे वाटत होते. आणि थांबू नकोस, मार, असेही.

किनाऱ्यावर काय घडत होते ते मी नंतर बायकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले की जणू स्वतः पाहिले. धाकटी पिवळी चिंधी हातात घेऊन धक्क्याच्या पायऱ्यांवर थांबली होती. लांबी आली.

"जाऊबाई कुठे राहिल्या?" धाकटीने विचारले.

"त्या तर आधीच गेल्या ना? खांबावर चिंधी नव्हती त्यांची."

"त्यांची चिंधी..." धाकटीने आपल्या हाताकडे पाहिले. ती आधी दुसऱ्या वाटेने घराकडे पळाली, घर रिकामे पाहून तशीच परत आली आणि होडीवाल्याच्या हातातला चहाचा पेला काढून घेतला.

"काका, होडी काढा! मी त्यांची चिंधी सोडली. त्या आतच आहेत."

"अगं पोरी, असल्या धुक्यात खांब सापडायचा कसा?"

"ते मला माहीत नाही. तुम्ही काढता, की मी काढू?"

होडीवाल्याने होडी पाण्यात लोटली. ती न विचारता आत चढून बसली. थोडे वल्हवायचे, थांबायचे, ऐकायचे, असे चालले होते. कितीतरी वेळ नुसत्या लाटा. मग धुक्यातून कुठूनतरी बारीक आवाज आला. ढम्.

"हा कसला आवाज?" धाकटी पुटपुटली.

होडीवाल्याने वल्हे उचलून धरले. पुन्हा ढम्. "पोकळ लाकूड!" तो ओरडला. "सुतार म्हणाला होता. आपला खांब आहे तो! भरीव असता तर एवढा बोलला नसता."

ते पोचले तेव्हा पाणी थोरलीच्या गळ्याशी होते आणि आठ-दहा घावांपुरताच जोर तिच्या हातात उरला होता. होडीवाल्याने दोरी कापली. धाकटीने तिला काखेत धरून होडीत ओढले. दोघी होडीच्या तळाशी ओल्या बसल्या होत्या. धाकटीने पिवळी चिंधी पुढे केली. थोरलीचे दात वाजत होते. तिने दाताळे पुढे केले.

"सापडलं," ती म्हणाली.

"जाऊबाई, तुमचा खांदा दुखत होता ना, म्हणून मी..."

"कळलं गं मला. रडू नकोस, होडीत आधीच पाणी कमी नाही."

होडी धुक्यात दिसेनाशी झाली. मग मी कोणालाही न दिसता मोडलो. खूप आधी मोडायचे होते ते मी तेवढा वेळ लांबवले होते. कसे, ते मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी माणसे मला ओढून किनाऱ्यावर घेऊन आली. सुतारकाकांनी माझे मोडलेले, आतून पोखरलेले टोक पाहिले आणि ते वाळूत खाली बसले. "मीच म्हणालो होतो, पुढच्या हंगामात बदलू," एवढेच बोलले. नंतर त्यांनीच माझा मधला पोकळ भाग कापून धक्क्यावर दोन साखळ्यांनी टांगला. आता धुके आले की होडीवाला लाकडी दांडके घेऊन मला वाजवतो, म्हणजे आत असलेल्यांना किनारा कुठे ते कळते. पाणकावळा येऊन माझ्यावर बसतो. ओळख विसरलेला नाही तो.

वाळूत आता लोखंडी खांब आहे. दर हंगामाला, रंगाचा डबा उघडण्याआधी, सुतारकाका तो खालपासून वरपर्यंत ठोकून बघतात. मित्रांनो, तुमच्या आसपासही माझ्यासारखे कितीतरी असतील. जिन्याचा कठडा, विहिरीचा रहाट, पुलाची फळी. उभे दिसतात म्हणून सोडून देऊ नका. एकदा ठोकून, कान लावून बघा. त्यांना तोंड नसते. आणि दुसऱ्याची गाठ कितीही मायेने सोडावीशी वाटली तरी ते माणूस समोर दिसल्याशिवाय सोडू नका.

भीती माझी गेलेली नाही. रोज भरती सुरू झाली की मी इथूनच नव्या खांबावरचे रंग मोजतो. हवा स्वच्छ असली की शेवटी दोनच उरलेले दिसतात, निळा आणि पिवळा. थोरलीचा खांदा आता कायमचाच अधू झाला आहे. तिला गाठ सोडायला फार वेळ लागतो. धाकटी आपली निळी घेऊन शेजारी उभी असते, घोट्याला पाणी लागलेले, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले. मदत करत नाही. थांबते.